जुन्या तारा

१

वच्छलाचा मूळ आवाज मला आठवतो की नाही, याची मला आता खात्री देता येत नाही. शेहेचाळीस वर्षं तो आवाज मी रोज ऐकला. तरी डोळे मिटून आठवायला गेलो की अलीकडचाच आवाज येतो, त्या जुलैच्या आधीचा हाती लागत नाही. आमच्या मुलीच्या, प्रणालीच्या लग्नाच्या व्हिडिओत वच्छलाचं एक वाक्य आहे, पण मागे बँड वाजतो आहे. मी आयुष्यभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, कंपनांवर प्रबंध लिहिला. अशा माणसाला स्वतःच्या बायकोचा आवाज ओळखता येऊ नये, हे लिहितानाही लाज वाटते. पुढे ज्या तारखा आणि वेळा येतील त्या वहीतल्या आहेत, त्या खऱ्या धराव्यात. बाकीचं माझ्या आठवणीच्या भरवशावर आहे आणि तो भरवसा फारसा नाही.

३ फेब्रुवारी २०१९ ला सकाळी मेथी निवडताना वच्छलाला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजत सगळं होतं. ओठ हलायचे, पण बाहेर यायचा तो फक्त श्वास.

आमच्या अमरावतीच्या घरात बोलायचं काम तिचं होतं. दूधवाल्याशी, शेजाऱ्यांशी, प्रणालीशी, टीव्हीशी. मी त्या आवाजाच्या आडोशाला बसून वाचत असे. तो आवाज गेल्यावर मला घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली, मग स्वतःचं गिळणं ऐकू यायला लागलं.

वाचा-उपचाराला येणाऱ्या डॉक्टर मुलीनं मे महिन्यात मला व्हरांड्यात बाजूला घेतलं. "काका, पहिले सहा महिने महत्त्वाचे. त्यानंतर फार काही फरक पडत नाही." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "काही पेशंटना बोलता येत नाही, पण गाता येतं. काकू काही वाजवायच्या, गायच्या का?"

वाजवायची. लग्नाआधी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ती गिटार वाजवायची, अमरावतीत तेव्हा ते नवल होतं. ती गिटार या घरात राहायला येताना मी तिला न विचारता कुणाला तरी देऊन टाकली होती. त्यावर ती फक्त "बरं" म्हणाली होती.

सहा महिने ३ ऑगस्टला संपणार होते.

२

नवी गिटार घेऊन चालणार नव्हतं. ती तिचीच जुनी गिटार आहे, असं मला तिला सांगायचं होतं. परवडणारी जुनी गिटार शोधत जूनमध्ये मी बडनेरा स्टेशनावरून गाडीनं अकोल्याला गेलो. ताजनापेठेत अब्दुल सत्तार नावाचे बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारे वृद्ध गृहस्थ होते. भिंतीवर वाद्यं टांगलेली आणि प्रत्येकाला मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधलेली. एक तपकिरी गिटार होती, पोटाला उभी चीर गेलेली, तारा नसलेली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'सीमा बेठेकर, धारणी'.

"थे विकाऊ नाई, प्रोफेसर साहेब," सत्तारभाई म्हणाले. "अमानत हाय."

"किती वर्षांपासून आहे?"

"आठ साल झाले. मास्तरीन होती. बसच्या टपावर टाकून आनली, उन्हानं पोट फाटलं बिचारीचं. म्हने पगार झाला का नेतो. इथंच बसून चहा प्याली. बोलायची बी लय, माह्या नातीले बोलता बोलता पाढे शिकवून गेली. मंग आलीच नाई."

"मग आता काय येणार ती?"

"नाई आली म्हनून माही होते का?"

मी त्यांना वच्छलाबद्दल सांगायला लागलो. मधेच मी दुकानात, चार माणसांदेखत, रडलो. पडद्यामागून त्यांच्या बायकोचा, नईमाबींचा आवाज आला, "दे दो ना जी. बुजुर्ग आदमी रो रहा है."

सत्तारभाईंनी बराच वेळ गिटार मांडीवर धरली. "लाकूड देतो," शेवटी म्हणाले. "लाकूड कोनाचंबी असते. तारा देत नाई. बाजा दुरुस्तीले आला का पयले तारा उतरवायच्या, कागदात बांधायच्या, मालक आला का त्याच्या हाती द्यायच्या. आमच्या वालिदपासून, बापापासून, हाच उसूल हाय."

"का पण?"

"आता तुमी प्रोफेसर, मी काय सांगू? तारेले मानसाचा हात लागलेला असते."

मला ते गोड वाटलं, थोडं भाबडंही. पण नव्या तारा कोणत्या जाडीच्या घ्यायच्या ते कळायला जुन्या हव्यात, असं मी म्हणालो. हे खरंही होतं. त्यांनी कपाटातून तेलकट कागदाची पुडी काढली.

"नमुन्यापुरत्या. मोजा अन् परत पाठवा. लावू नोका."

"नाही लावत," मी म्हणालो.

३

सत्तारभाईंच्या हाताला कंप होता, म्हणून दुरुस्ती मीच केली. कशी करायची ते त्यांनी कागदावर चित्र काढून दिलं होतं. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली. वाटीत सरस गरम केला, चिरेत बोटानं भरला आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी गिटारचं पोट आवळून बांधलं. आतून टेकू द्यायला आइस्क्रीमच्या काड्या तासून चिकटवल्या. खुंट्यांना शिवणयंत्राचं तेल दिलं. हे सगळं वच्छलाच्या खाटेसमोर, म्हणजे तिला दिसावं म्हणून.

"तुझीच आहे," मी तिला सांगितलं. "शोधून आणली."

तिनं गिटारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला ते खोटं कळलं असावं. पण हे मी आज म्हणतो आहे.

पार्बताबाई, वच्छलाचं सगळं करणाऱ्या, बघत उभ्या असायच्या. "सर, तुमी इतकी सेवा बाईची आधी केली असती तं बाई आजारीच पडल्या नसत्या," असं एकदा म्हणाल्या आणि स्वतःच जीभ चावली. वच्छलाच्या डाव्या ओठाला हसू आलं. ते मी वहीत लिहून ठेवलं.

बाजारातला स्वस्त तारांचा संच आणून लावला. मला वाजवता येत नाही. मी नुसत्या मोकळ्या तारा छेडायचो, सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. वच्छला पहिल्या दिवशी ऐकत राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं डोळे मिटले. आठवड्यानं ती भिंतीकडे तोंड वळवायला लागली. दोन तारा तुटल्या, उरलेल्यांचा आवाज पत्र्यासारखा येत होता. जुलै लागला. रोज सकाळी मी कॅलेंडरवर उरलेले दिवस मोजायचो. प्रणाली फोनवर म्हणायची, "बाबा, स्वतःला त्रास करून घेऊ नका." म्हणजे तिनं आशा सोडली होती.

१३ जुलैला, शनिवारी, मी पुडी उघडली.

४

वापरलेल्या तारा सोड्याच्या पाण्यात उकळल्या की त्यांत साचलेला मळ आणि घाम सुटतो, आवाज उजळतो. यात चमत्कार काही नाही, तारेचं वजन एकसारखं होतं इतकंच. मी चहाच्या पातेल्यात पाणी ठेवलं.

"काय शिजवून राहिले, सर?" पार्बताबाई डोकावल्या. "शेवया?"

"तारा."

"मंग वरून साखर घाला, बाईले द्या," त्या म्हणाल्या आणि हसत निघून गेल्या.

पाण्यावर पांढुरका फेस आला. मला खडूचा वास आला. वर्गातल्या फळ्याखाली साठतो तो, चाळीस वर्षं माझ्या बाह्यांना होता तो. सोडा पांढरा, खडू पांढरा, म्हाताऱ्या मास्तराच्या नाकाला आणखी काय वाटणार? तारा पुसल्या, वाळवल्या आणि रविवारी दुपारी लावल्या. सत्तारभाईंना दिलेला शब्द आठवला नाही, असं म्हणता येणार नाही. आठवला. तीन ऑगस्टही आठवला.

सुरात आणून गिटार वच्छलाच्या खाटेशी खुर्चीवर उभी केली आणि हात धुवायला गेलो. परत आलो तर ती घुमत होती.

शेजारी कुणी बोललं की तारा घुमतात. हा माझा विषय आहे, याला अनुनाद म्हणतात, मी तो शेकडो मुलांना करून दाखवला आहे. पण खोलीत कुणी बोलत नव्हतं. पार्बताबाई घरी गेल्या होत्या, टीव्ही बंद होता. मी खिडकीतून पाहिलं, रस्ता रिकामा होता. घुमणं एकसारखंही नव्हतं. थोडं यायचं, थांबायचं, मग लांब यायचं, मग पुन्हा थांबायचं. दोन घरं पलीकडे कुणी बोलत असेल तर शब्द कळत नाहीत पण बोलणं आहे हे कळतं, तसं.

मी तारांवर तळहात ठेवला. तळहाताखाली त्या थरथरत राहिल्या, बोलणाऱ्याच्या गळ्यावर हात ठेवला की थरथर लागते तशा.

मागे वळून पाहिलं. वच्छला टक लावून गिटारीकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. घुमणं थांबलं की ओठ थांबत होते.

५

सोमवार, १५ जुलै. मी स्वयंपाकघरात तिच्या गोळ्या कुटत होतो. साडेदहा झाले होते. बाहेरच्या खोलीतून स्पष्ट, खणखणीत आवाज आला.

"फुलवंती."

मला वाटलं पार्बताबाईंकडे कुणी आलं. पण पार्बताबाई माझ्याच बाजूला उभ्या होत्या. त्यांच्या हातातली वाटी खाली पडली.

"सुकलाल," आवाज म्हणाला. "नितेश."

आम्ही दाराशी गेलो. वच्छला उशांना टेकून ताठ बसली होती. तिची नजर समोर, भिंतीच्या खालच्या भागावर होती, बसलेल्या मुलांची डोकी असतील तितक्या उंचीवर. एक नाव घ्यायची, थांबायची. त्या थांबण्यात खुर्चीवरची गिटार हलकेच घुमायची. मग पुढचं नाव.

"बंडू."

गिटार घुमली नाही. वच्छलानं कपाळाला आठी घातली. "बंडू आज बी नाई आला?"

आणि मी तिचा उजवा हात पाहिला. पाच महिने तो हात चादरीवर मेलेल्या मासोळीसारखा पडून होता. आता अंगठा आणि दोन बोटं जुळली होती, मधे पेन धरल्यासारखी, आणि प्रत्येक नावानंतर ती चादरीवर एक बारीक खूण ओढत होती. एकाखाली एक, सरळ रेषेत. बंडूच्या नावाला तिनं तिरकी रेघ मारली.

"बाई बोलल्या!" पार्बताबाई रडत ओरडल्या. "सर, बाई बोलल्या ना!"

मी गुडघ्यांवर बसलो. नावांचा विचार मी केला नाही. खरं सांगायचं तर केला, पण तो बाजूला सारला. वच्छलानं माझ्याकडे मान वळवली. हात पुन्हा लुळा पडला होता.

"अहो," ती म्हणाली, "असे काहून बसले खाली? गुडघे दुखतील ना तुमचे."

६

त्या आठवड्यात मी जितका आनंदी होतो तितका पूर्वी कधी झालो असेन असं वाटत नाही. वच्छला बोलत होती. प्रणालीशी फोनवर तासभर बोलली, दोघी रडल्या. माझ्या बनियनच्या भोकांवर बोलली. डॉक्टर मुलगी म्हणाली, असं क्वचित होतं, पण होतं.

"आवाज जरा तरुण झालाय नाही आईचा?" प्रणाली मला म्हणाली.

"खूप दिवसांनी ऐकतेस म्हणून," मी म्हणालो.

रोज सकाळी साडेदहाला हजेरी व्हायची. पाच मिनिटं. त्या वेळी ती मला ओळखत नसे. नंतर विचारलं तर म्हणायची, "कशाची हजेरी? मी काय मास्तरीन हावो?" शनिवारी हजेरी लवकर, साडेसातला झाली. रविवारी झाली नाही.

सीमा बेठेकर गेली असणार, असं मी धरून चालत होतो. आठ वर्षांत जी आपली वस्तू न्यायला आली नाही ती गेलीच असणार. या समजुतीचा मला आधार वाटत होता. जो गेला त्याचं आपण काय नेणार?

सोमवारी, २२ जुलैला, दुपारी सत्तारभाईंचा फोन आला. "साहेब, थ्या तारा आल्या नाई परत."

"पाठवतो."

"लावल्या तं नाई ना?"

"नाही."

"धुंडून पाठवा, साहेब. मले झोप नाई लागून राहिली."

फोन ठेवला आणि माझ्यातला जुना शिक्षक जागा झाला. दोन घटना एकामागून एक घडल्या म्हणून पहिली दुसरीचं कारण ठरत नाही. तपासायला हवं. वच्छला पार्बताबाईंना लोणच्याची कैरी कशी चिरायची ते सांगत होती. मी गिटारपाशी बसलो आणि एकेक खुंटी सैल केली. घड्याळ पाहून वहीत लिहिलं, ३.१०.

"...फोडी लहान करू नोका, नाईतं मीठ..."

तिथं ते तुटलं. तोंड उघडंच राहिलं. तिनं पुन्हा प्रयत्न केला, श्वास आला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं. ती नजर मी इथे लिहू शकत नाही.

"काय केलं तुमी, सर?" पार्बताबाई किंचाळल्या. "लावा थे पयले! लावा ना!"

मी थांबलो. योगायोग नाही हे ठरवायला पुरेसा वेळ हवा, असं मी स्वतःला सांगत होतो. वीस मिनिटं. पार्बताबाई मला काय काय बोलल्या. वच्छलाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज अजिबात नव्हता. ३.३० ला मी खुंट्या आवळल्या.

तार सुरात आली आणि वच्छला मधूनच बोलू लागली, घाईघाईनं.

"आई, मी बोलून राहिली, आई, ऐकू येते का तुले? फोन ठेवू नोको..."

तिची आई जाऊन एकतीस वर्षं झाली होती. आजारात जुन्या माणसांच्या आठवणी येतात. मी तिचा हात धरून बसलो. थोड्या वेळानं ती म्हणाली, "पुन्हा असं करू नोका. तुमच्या पाया पडते." मी शपथ घेतली.

सत्तारभाईंना फोन करून सांगितलं, तारा सापडत नाहीत. ते "अच्छा" म्हणाले. पुढे त्यांनी कधी फोन केला नाही.

७

त्यानंतर साथीची दोन वर्षं गेली. सत्तारभाई त्यातच गेल्याचं कळलं. वच्छला बोलते आहे. प्रणालीला, शेजाऱ्यांना, टीव्हीला. साथीत शाळांबरोबर साडेदहाची हजेरीही बंद पडली होती, आता पुन्हा चालू आहे. जूनच्या शेवटी नावं बदलतात.

नावं बदलतात, हे मी इतके दिवस डोळ्यांआड केलं. मेलेल्या बाईच्या वर्गात नवी मुलं कशी येतील? जानेवारी २०२४ मध्ये प्रणाली आईपाशी राहायला आली तेव्हा मी कॉलेजात पेन्शनचं काम आहे असं सांगून निघालो आणि परतवाड्याहून धारणीची बस धरली. घाटात दोनदा उलटी झाली. धारणीला सीमा बेठेकर हे नाव विचारलं तर जीपवाल्यानं लगेच सांगितलं, कोणत्या गावची शाळा ते.

शाळेचे शिपाई जानराव पायरीवर ऊन घेत बसले होते.

"बेठेकर मॅडम? हायेत ना. ऑफिसात रजिस्टर लिहितात. शिकवनं सुटलं त्यायचं."

"का?"

"वाचा गेली जी. पार नागपूरले नेऊन दाखवलं, कोनाले काही सापडलं नाई. हजेरी घेता घेता गेली, माह्या डोळ्यासमोर. रोज साडेदहाले अजूनबी वर्गाच्या दाराशी येऊन उभ्या राह्यतात. पोट्टे आपले आपले हजर म्हनतात, त्या ओठ हालवतात. हेडमास्तर काही म्हनत नाई." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी कोन त्यायचे?"

"मी... कुणी नाही. शिक्षण खात्यातून निवृत्त झालो आहे," मी खोटं बोललो.

खिडकीतून एक चाळिशीची बाई दिसली. टेबलावर वाकून लिहीत होती, गळ्याभोवती मफलर. तिनं मान वर केली आणि मी भिंतीआड झालो. मी आत जाऊ शकलो असतो. तिला विचारता आलं असतं. पण विचारलं असतं तर घरी जाऊन मला खुंट्यांना हात लावावा लागला असता, आणि ते मी करणार नाही हे मला तिथे उभ्याउभ्याच ठाऊक होतं.

जुनी कागदपत्रं बघायची आहेत म्हटल्यावर जानरावांनी कोठीतून २०१९ चं लॉगबुक काढून दिलं. दोन नोंदी मी वहीत उतरवून घेतल्या, अक्षर न् अक्षर तपासून.

'दि. १५ जुलै. सकाळी १०.३० वाजता हजेरी घेत असताना श्रीमती बेठेकर यांची वाचा अचानक बंद झाली.'

'दि. २२ जुलै. दुपारी ३.१० वाजता श्रीमती बेठेकर बोलू लागल्या. सर्व विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या आईस फोन लावून दिला. ३.३० वाजता बोलणे चालू असतानाच वाचा पुन्हा बंद.'